कॉइलने किती धरून ठेवावे

एकदा एका वृद्ध आचार्यांच्या कार्यशाळेत दोन शिष्य एकाच टेबलाच्या दोन टोकांना बसून एकच कोडे सोडवीत होते. डोंगरावरच्या आरोग्यकेंद्रात सोलर पॅनलमधून जेमतेम तीस व्होल्टचा दाब मिळे, आणि तिथली यंत्रे चालायला हवे होते चारशे. हा दाब चढवून देणारे सर्किट ज्याचे उत्तम ठरेल, त्याच्या हाती आचार्य कार्यशाळा सोपवणार होते.

यशोधन जुना शिष्य, केतकी अलीकडे आलेली. यशोधनाला वाटे, कार्यशाळा आपलीच. मधे ही कुठून उपटली? आचार्य तिच्या कागदावर जरा जास्त वेळ वाकले की याच्या पोटात दुखे. ते तिला "छान" म्हणाले, तर याला दुपारचे जेवण गोड लागत नसे. मत्सराचे असेच असते. आपल्या ताटातली पोळी दिसत नाही, शेजारच्या ताटातली चटणी मात्र बरोबर दिसते.

केतकीने एकाच गाभ्यावर गुंडाळलेल्या तारेच्या दोन कॉइल योजल्या होत्या, एकीने दुसरीला हात द्यावा अशा. यशोधन एकाच कॉइलवर अडून बसला होता. "दुसरीचा टेकू हवाच कशाला? माझी एकटी चढेल," असे तो ऐटीत सांगे.

आचार्यांकडे एक रीत होती. आपली कॉइल आपण गुंडाळायची नाही, ती सोबत्याने गुंडाळून द्यायची. आपला आराखडा दुसऱ्याच्या हातालाही कळला पाहिजे, हा त्यामागचा हेतू. केतकीने यशोधनाची कॉइल मन लावून गुंडाळली. यशोधनाने मात्र तिचे काम करताना दोन कॉइलींमध्ये मुद्दाम फट ठेवली आणि वेढे सैल सोडले. वरून कळू नये, इतपतच. अशाने एकीची ऊर्जा दुसरीपर्यंत पुरती पोहोचत नाही, आणि उरलेली स्विचवर आदळून त्याला जाळून टाकते. हे त्याला पक्के ठाऊक होते.

चाचणीच्या दिवशी पहिली पाळी यशोधनाची आली. त्याच्या सर्किटातला स्विच अतिशय वेगाने चालू-बंद होई. चालू असताना कॉइल ऊर्जा साठवी, बंद झाला की पुढे देई. नॉब पुढे फिरवला की साठवण्याचा वेळ वाढे आणि त्याबरोबर दाब वाढे. त्याने नॉब फिरवला. मीटरचा आकडा शंभरावर गेला, दीडशेवर गेला, दोनशेपाशी अडखळला. त्याने आणखी पुढे फिरवला, तर आकडा उतरला. तो इरेला पेटून फिरवीत राहिला आणि आकडा उतरतच गेला.

"आचार्य, हिने माझी कॉइल बिघडवली आहे!" तो ओरडला. "मुद्दाम केलंय हे! हिला आधी इथून घालवा."

चोराच्या मनात चांदणे, दुसरे काय!

केतकीचे डोळे भरून आले. "मी का बिघडवू? एकटीने घट्ट गुंडाळताना बोटं सोलून निघाली माझी."

आचार्यांनी कोणाचीच बाजू घेतली नाही. ते उठले आणि यशोधनाचा नॉब उलट दिशेला फिरवू लागले.

"अहो, कमी काय करताय? आधीच कमी पडतंय!" यशोधन कळवळला.

पण आकडा वर चढू लागला. दोनशेच्या थोडा पुढे जाऊन तो थांबला. आचार्यांनी पुरवठा बंद केला.

"कॉइल निर्दोष आहे," ते शांतपणे म्हणाले. "तू तिला नुसते घ्यायला लावलेस, द्यायला अवसरच ठेवला नाहीस. घेत असते तोवर ती पुढे काही देत नाही, बाळा. आणि तारेला तिचा स्वतःचा विरोध असतो. फार काळ धरून ठेवलेले त्या विरोधातच जळते. बाहेर काही पोहोचत नाही, आत ताप तेवढा वाढतो. कमी पडते म्हणून तू अधिक साठवू गेलास, आणि होते तेही घटले. मनात एखाद्याविषयी जे साठवतो, त्याचीही गत हीच. शिवाय एकट्या कॉइलची चढण इथवरच असते. त्यात तिचा कमीपणा नाही."

यशोधनाने कॉइलला बोट लावले. चटका बसला, तसा त्याने हात मागे घेतला.

"आता केतकीचे पाहू," असे म्हणून आचार्यांनी दुसऱ्या सर्किटकडे हात नेला.

यशोधनाला आता काहीच करायचे नव्हते. नुसते गप्प राहायचे होते. तिचे सर्किट जळाले असते आणि कार्यशाळा त्याला मिळाली असती.

"थांबा," तो म्हणाला. "हिची कॉइल मी सैल गुंडाळली आहे. मुद्दाम. मला हिचं चांगलं झालेलं बघवत नव्हतं, आचार्य. अजूनही बघवत नाही."

कार्यशाळा आपल्या हातून गेली, हे बोलतानाच त्याला कळले होते. तरी कितीतरी दिवसांनी त्याला मोकळा श्वास घेता आला.

आचार्यांनी केतकीची कॉइल सर्किटातून काढून त्याच्यापुढे ठेवली. मग म्हणाले, "तर मग उकल. आणि पुन्हा गुंडाळ."

तो खाली बसून सैल वेढे सोडवू लागला. केतकी रागाने लाल झाली होती, त्याच्याकडे बघतही नव्हती. तार गाभ्यावर चढवताना त्याचा हात पुन्हा पुन्हा घसरत होता. ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग पुढे आली, आणि तिने तारेचे दुसरे टोक घट्ट ताणून धरले.