पडद्याकडे पाठ

एकदा एक चष्मेवाला एकाच चित्रपटाच्या दोन तबकड्या पिशवीत घालून आपल्या गुरूकडे गेला. गुरू म्हणजे कोणी मठाधिपती नव्हेत. गावातले जुने चित्रपटगृह बंद पडेपर्यंत ज्यांनी तिथे चाळीस वर्षे यंत्र चालवले, ते ऑपरेटर बापू. आमच्याकडे गुरुवारी बाजार बंद असतो. त्या दिवशी हा चष्मेवाला, शिरीष त्याचे नाव, बापूंच्या दोन खोल्यांच्या घरी जाऊन चित्रपट कसा पाहावा याचे धडे घेत असे. पाच वर्षे हा नेम चुकला नव्हता. चाळिशी उलटलेल्या माणसाने अजून स्वतःला शिष्य म्हणवून घ्यावे, ही गोष्ट मला त्याच्याबद्दल फार आवडते.

त्याने पिशवीतून दोन डब्या काढून बापूंसमोर ठेवल्या. निळ्या डबीत ब्लू-रे, काळ्या डबीत डीव्हीडी. चित्रपट दोन्हींत तोच, पन्नास वर्षांपूर्वीचा, कृष्णधवल, पोट धरधरून हसवणारा, अलीकडे कोणीतरी साफसूफ करून पुन्हा बाजारात आणलेला. जिल्ह्याच्या दुकानदाराने ओळखीखातर दोन्ही डब्या दिल्या होत्या. सोमवारपर्यंत एक ठेवायची आणि एक परत करायची, असे ठरले होते.

“बापू, यातली कोणती ठेवू?”

“तुला काय वाटतं?”

“चित्र निळीतलं सरस आहे, त्यात वादच नाही. पण ती फक्त माडीवरच्या नव्या यंत्रावर चालते. काळी वरही चालते आणि खालच्या जुन्या यंत्रावरही चालते.”

“मग निळी ठेव की. एवढं कळतंय तर विचारतोस कशाला?”

शिरीषने डब्या बाजूला सारल्या. मग त्याने खरी गोष्ट सांगितली. त्याचे वडील सोमवारी सकाळच्या गाडीने बार्शीला, मुलीकडे, निघणार होते. तोंडाने म्हणत होते, “चार दिवस कुंदाकडे राहून येतो.” पण पिशवीत कपड्यांबरोबर त्यांचा रोजचा चहाचा कप गेला होता आणि बैठकीतल्या भिंतीवरचा पत्नीचा फोटोही गेला होता. ती माउली जाऊन दोन वर्षे झाली होती. चार दिवसांसाठी जाणारा माणूस भिंतीवरचा फोटो उतरवत नाही, एवढे दिसायला चष्मा लागत नाही.

“बाबा कायमचे चाललेत, बापू,” शिरीष म्हणाला. “पूर्वी दर रविवारी आम्ही सगळे पिक्चर बघायचो. मी वर एवढी सोय केली, पण ते दोनदा आले आणि मग गुडघे दुखतात म्हणायला लागले. मला वाटतं, मोतीबिंदूनंतर त्यांना नीट दिसत नाही आणि ते सांगायला लाजतात. हा पिक्चर म्हणजे त्यांचा जीव की प्राण. तो जर लख्ख दिसला, तर कदाचित राहतील.”

आता त्या माडीविषयी सांगायला हवे. शिरीष हा चष्म्याच्या नंबरात पाव नंबराचीही चूक खपवून न घेणारा माणूस. चष्म्याचे दुकान वडिलांनी काढलेले, पण काटेकोरपणात मुलगा वडिलांच्या दोन पावले पुढे. त्याने माडीवर भला मोठा टीव्ही भिंतीला ठोकून घेतला, खिडक्यांना काळे पडदे लावले आणि पडद्यापासून खुर्ची किती अंतरावर असावी याचे गणित करून, टेप लावून, फरशीवर रंगाने खुणा केल्या. चित्रपट चालू असताना बोलायचे नाही, उठायचे नाही आणि कुरकुर वाजेल असे काही खायचे नाही, हे नियम होते. मी एकदा तिथे बसून आलो आहे. चित्र खरोखर अप्रतिम दिसते. मला मात्र अर्ध्या तासानंतर शिंक येईल की काय, याचीच धास्ती वाटत राहिली.

बापूंनी सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, “रविवारी चार वाजता येतो. घरातल्या सगळ्यांना बसव. यंत्र मी चालवणार.”

रविवारी बापू इस्त्रीचा सदरा घालून आले. माडीवर फरशीवरच्या खुणांवर खुर्च्या मांडलेल्या होत्या. एका खुर्चीत वडील बसले, शेजारी शिरीषची पत्नी, तिच्या पलीकडे कॉलेजात जाणारी लेक. बापूंनी शिरीषची खुर्ची उचलली, थेट टीव्हीखाली नेऊन ठेवली आणि टीव्हीकडे पाठ करून फिरवली.

“इथे बस,” ते म्हणाले.

“बापू, मग मला चित्र कसं दिसणार?”

“दिसणार नाहीच. तू यांच्याकडे बघ. मान वळवायची नाही.”

शिष्याला हा प्रकार काही समजला नाही, पण तो बसला. बापूंनी निळ्या डबीतली तबकडी लावली.

शिरीषने आयुष्यभर माणसांच्या डोळ्यांत पाहिले होते, पण एका वेळी एकाच डोळ्यात, आणि तेही भिंगातून. तीन माणसांचे पूर्ण चेहरे तासभर पाहत बसण्याची त्याच्यावर ही पहिलीच वेळ. पडद्यावरच्या उजेडात त्याला दिसले, की पत्नीला खोकला आला, तिने आधी त्याच्याकडे पाहिले आणि खोकला गिळला. लेकीने पाय खुर्चीवर घ्यायला उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. वडील पासपोर्टच्या फोटोला बसतात तसे ताठ बसले होते. मागून विनोद ऐकू येई, तेव्हा वडील एक क्षण मुलाकडे पाहत आणि मग बेताने हसत.

“बाबा, स्पष्ट दिसतंय ना?” शिरीषने सवयीने विचारले.

“हो हो, दिसतंय.”

थोड्या वेळाने त्याने पुन्हा विचारले. वडिलांनी पुन्हा तेच उत्तर दिले. तिसऱ्यांदा त्याने विचारले, तेव्हा वडिलांनी उत्तर देण्यापूर्वी पाठ आणखी ताठ केली.

मध्यंतराची पाटी आली तसे बापू उठले. “मध्यंतर! आता सगळे खाली चला.”

खाली बैठकीत जुना टीव्ही होता, दिवाण होता आणि खिडकीतून संध्याकाळचे ऊन सरळ आत येत होते. बापूंनी शिरीषला पुन्हा तसेच, टीव्हीकडे पाठ करून, एका स्टुलावर बसवले आणि काळ्या डबीतली तबकडी मध्यंतरापासून पुढे लावली. पत्नीने आतून उकडलेल्या शेंगांची परात आणून मधोमध ठेवली. शिरीषने तोंड उघडले, बापूंनी नुसते पाहिले आणि त्याने ते मिटले.

वडिलांनी दिवाणावर मांडी घातली, भिंतीला टेकले, आणि दहा मिनिटांत त्यांची कळी खुलली.

“आता बघ हं,” ते नातीला म्हणाले, “हा दार उघडणार आणि बादली बरोबर मामाच्या डोक्यात!”

“आजोबा, सांगू नका ना!”

“बरं, नाही सांगत. पण बादलीत काय आहे ते तरी सांगू दे.”

पत्नी हसता हसता शेंगदाणा घशात अडकून लाल झाली, आणि या खेपेला मोकळेपणी खोकली. लेक आजोबांच्या मांडीवर डोके टेकून आडवी झाली होती. पडद्यावर बादली पडायच्या आधीच वडील हसत सुटले, चष्मा काढून धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले, आणि चष्मा हातात असताना, म्हणजे पडदा दिसत नसतानाही, हसतच राहिले. आई गेल्यापासून हे हसू शिरीषने ऐकले नव्हते. पाठीमागे काय चालले आहे हे त्याला दिसत नव्हते, तरी तोही हसत होता.

चित्रपट संपला. बापूंनी यंत्र बंद केले आणि विचारले, “बोल, कोणती ठेवणार?”

शिरीष शिष्य असला तरी धंद्याने तपासनीस. तो म्हणाला, “बापू, हा न्याय नव्हे. तुम्ही नुसती तबकडी बदलली नाहीत, खोलीही बदललीत.”

“तुझ्या घरात ते दोन्ही एकच आहे,” बापू म्हणाले. “निळी घेतलीस की माडी आली, आणि माडी आली की तिचे नियम आले. तबकडीबरोबर बसायची जागा येते, हे कुणी डबीवर छापत नाही. अरे, आमच्या केबिनला दोन भोकं होती. एकातून उजेड जायचा आणि दुसऱ्यातून मी बघायचो. आपल्या गावात पिक्चर येईपर्यंत रिळं चार गावं फिरून रेघोट्यांनी भरलेली असायची. मी ती जोडून जोडून चालवली. त्या भोकातून पडद्याच्या आधी मला लोकांची डोकी दिसायची. डोकी एकमेकांकडे वळायला लागली की मी समजायचो, आज खेळ रंगला. निळी सरस आहेच. ज्याला चित्र डोळे भरून बघायचंय, त्याने ती खुशाल घ्यावी, मीसुद्धा येईन बघायला. पण तुला ती बाबांना थांबवायला हवी होती. कशासाठी घ्यायची हे नक्की झालं, की कोणती घ्यायची हे दुकानदाराला विचारावं लागत नाही, आणि मलाही नाही.”

वडील शेंगा सोलत ऐकत होते. ते म्हणाले, “चित्र वरचंच छान होतं हं, शिरीष. त्या मामाच्या कोटाची शिवणसुद्धा दिसत होती. खाली जरा भुरकट आहे.”

“मग बाबा, तुम्ही वर येणं का बंद केलंत?”

वडिलांनी हातातली शेंग परातीत ठेवली.

“वर बसलं की मला वाटतं, तू माझी नजर तपासतोयस. चाळीस वर्षं मी दुकानात लोकांना नंबर तपासायच्या खुर्चीत बसवलंय, अरे. तिथे कुणी मजेत बसत नाही. तू दिसतंय का म्हणून विचारायचास. नाही म्हटलं तर तुला वाईट वाटेल, म्हणून मी हो म्हणायचो. मग वाटलं, त्यापेक्षा कुंदाकडे गेलेलं बरं.”

शिरीष स्टुलावरून उठला आणि दिवाणावर वडिलांच्या शेजारी जाऊन बसला. तिथे बसायला खूण नव्हती. “चुकलं माझं, बाबा,” तो म्हणाला. वडिलांनी त्याच्या हातावर चार शेंगदाणे ठेवले. आमच्याकडचे बाप अशा वेळी यापेक्षा जास्त बोलत नाहीत.

जरा वेळाने वडिलांनीच निकाल दिला. “तू काळीच ठेव. कुंदाकडे जुनं यंत्र आहे, त्याच्यावर चालेल. तिलाही दाखवतो. येताना परत घेऊन येईन.”

येताना, हा शब्द सगळ्यांनी ऐकला. शिरीषच्या पत्नीने पटकन परात उचलली आणि डोळे पुसायला आत गेली. बापू चपला घालू लागले.

वडिलांनी पिशवीतून फोटो काढला आणि स्वतःच्या हाताने जुन्या खिळ्यावर लावला. दोन पावले मागे सरून, डोळे बारीक करून त्यांनी विचारले, “सरळ लागलाय का रे?”

पाव नंबराची चूक न खपवणाऱ्या त्या माणसाने पाहिले. डावा कोपरा बोटभर खाली होता.

“सरळ आहे, बाबा.”

सोमवारी निळी डबी दुकानात परत गेली, काळी बार्शीला गेली आणि पाचव्या दिवशी वडिलांबरोबर परत आली. घरी चित्रपट पाहण्यासाठी कोणती तबकडी घ्यावी, असे मला विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की आधी एकदा पडद्याकडे पाठ करून बसा. गेल्या महिन्यात मी चष्म्याचा नंबर तपासायला शिरीषकडे गेलो होतो. त्याने चहाला आत नेले. फोटो अजून डावीकडे बोटभर कललेलाच आहे.