चौकात गोल फिरणारी बस

एका नदीच्या दोन काठांवर दोन शहरं होती. अलीकडच्या पळसपुरात दौलतराव नावाचे नगराध्यक्ष होते. प्रकृतीने ठणठणीत माणूस. दुखणं एकच. पलीकडच्या जांभूळपुरात काही चांगलं झालं, की यांच्या पोटात दुखायचं.

कारण जुनं होतं. जांभूळपूरच्या नगराध्यक्षा कुमुदताई शाळेत त्यांच्याच वर्गात होत्या. दरवर्षी कुमुद पहिली यायची आणि दौलत दुसरा. चाळीस वर्षं झाली, पण तो दुसरा नंबर काही त्यांच्या मनातून गेला नाही.

अशात जांभूळपुरात चालकाशिवाय धावणारी बस आली. आपोआप वळायची, आपोआप थांबायची, म्हाताऱ्याकोताऱ्यांना थेट दवाखान्याच्या दारात सोडायची. दौलतराव पुलावर उभे राहून ती बस बघायचे आणि घरी येऊन नीट जेवायचेही नाहीत. शेवटी त्यांनी फर्मान काढलं, "महिन्याच्या आत तशी बस आपल्याकडे हवी. आणि तिच्या बसपेक्षा मोठी!"

नगरपालिकेच्या अभियंता पोतनीसबाई म्हणाल्या, "साहेब, ही बस रस्त्यावरचे पांढरे पट्टे बघून चालते. आपल्याकडे पट्टेच नाहीत. भाजीवाले रस्त्यात बसतात, त्यांना आधी ओटे बांधून द्यायला हवेत. वळणावरच्या पाट्या फांद्यांत लपल्यात. जांभूळपूरने दोन वर्षं तयारी केली."

"म्हणजे अजून दोन वर्षं ती माझ्या पुढे? पट्टे काय, एका दिवसात मारू!"

खरंच एका दिवसात मारले. रंग इतका पातळ, की तिसऱ्या दिवशी शोधावे लागत होते. टेकडीवरच्या कुंभारआळीला दवाखान्यात नेणारी जुनी बस भंगारात काढली. नव्या बसच्या कंपनीने एक अट घातली होती. पहिली फेरी नीट झाली नाही, तर बस परत जाणार. दौलतरावांनी तो कागद वाचला आणि घडी करून खिशात ठेवला.

उद्घाटनाला कुमुदताईंना मुद्दाम बोलावलं. त्यांना जळवायचं होतं ना! जांभूळपूरच्या उद्घाटनाला रांगोळी नव्हती, म्हणून इथे स्टँडपासून चौकापर्यंत घालायला लावली. बायकांनी पहाटेपासून खपून रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जाड पांढरी किनार काढली. चौकात भलंमोठं गोल कमळ काढलं.

दौलतराव फेटा बांधून पहिल्या सीटवर बसले. बस निघाली. त्या फिक्या पट्ट्यांपेक्षा तिला रांगोळीच ठळक दिसली. किनारीच्या कडेने ती ऐटीत चौकात आली आणि कमळाभोवती वळली. वळली ती वळतच राहिली. एक फेरी झाली, दोन झाल्या, पाच झाल्या. दर फेरीला व्यासपीठासमोरून दौलतरावांचा फेटा जायचा. लोकांनी आधी टाळ्या वाजवल्या, मग ते पोट धरून हसायला लागले. एकट्या कुमुदताई हसल्या नाहीत, आणि दौलतरावांना तेच जास्त लागलं.

गर्दीतून मकबूलभाई पुढे आले. भंगारात गेलेली बस तीस वर्षं त्यांनीच चालवली होती. त्यांनी झाडूवाल्याकडून खराटा घेतला. बस कमळाच्या त्या बाजूला गेली, तशी या बाजूची चार हात रांगोळी झाडून टाकली. बस फिरून तिथे आली. पुढे रेघच नव्हती. ती जागच्या जागी थांबली.

दौलतराव लालबुंद होऊन खाली उतरले. सगळा राग त्या खराट्यावर निघाला. "मकबूलभाई, तुम्हाला कोणी विचारलं होतं?"

"मी विचारलं होतं," कुमुदताई व्यासपीठावरून उतरत म्हणाल्या. "दोन वर्षांपूर्वी. शाळा सुटली की मुलं कुठून पळत येतात, पाणी कुठे साचतं, गाडी कुठे अडते, ते यांना एका नजरेत कळतं. माझ्या शहरातली गल्ली न गल्ली हे माझ्याबरोबर पायी फिरलेत. दौलत, तुझ्या घरापासून चौथं घर यांचं."

संध्याकाळी कंपनीचे लोक बस घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दौलतराव खिडकीत उभे होते. कुंभारआळीतली एक बाई आजारी सासूला धरून टेकडी उतरत होती. दर दहा पावलांवर दोघी थांबत होत्या. आता नवी बस नव्हती आणि जुनीही नव्हती. दौलतरावांना स्वतःची लाज वाटली. त्यांनी चपला घातल्या आणि चौथ्या घराचं दार वाजवलं.

"मकबूलभाई, माझं चुकलं. माझ्याबरोबर फिराल का?"

मकबूलभाईंनी खांद्यावर टॉवेल टाकला. "चला. कुंभारआळीपासून सुरुवात करू. तुम्ही तिथं कधी गेलाच नाहीत."

तात्पर्य: शेजाऱ्याकडे काय आलं हे पाहून जो जळतो, त्याला ते येण्याआधी शेजाऱ्याने किती कष्ट घेतले हे दिसत नाही.