न विंचरलेला ससा

शालींचा एक व्यापारी एकदा झाकलेली टोपली छातीशी धरून डोंगर चढून आला. वर एक वृद्ध गुरुजी आणि त्यांचा शिष्य राहत असत. गुरुजींनी लांब केसांचे, लहान चणीचे अंगोरा ससे पाळले होते, आणि सशांची दुखणी त्यांना उमगतात, अशी पंचक्रोशीत ख्याती होती.

टोपलीत तसाच एक पांढरा ससा होता. चार दिवस त्याने गवताला तोंड लावले नव्हते. वरून पाहावे तर कापसाचा गुबगुबीत गोळा. गुरुजींनी आत बोटे घातली, तेव्हा गाठी बसून केसांची घोंगडी झालेली, आणि तिच्याखाली नुसती हाडे.

"याला विंचरत नाही का कोणी?" गुरुजींनी विचारले.

"नाही," व्यापारी म्हणाला. "हा माझ्या मुलीचा. रोज सकाळी मांडीवर घेऊन अर्धा अर्धा तास विंचरत बसायची. तापाने गेली, त्याला चौदा महिने झाले. तिचा हात फिरलेले केस आहेत हे, गुरुजी. कंगवा लावला की गळून येतात, म्हणून मी कोणाला हात लावू देत नाही. औषध काय वाटेल ते द्या, लोकर तेवढी कापू नका."

गुरुजींनी सगळे ऐकून घेतले. मग शिष्याकडून कात्री मागवली आणि ती सगळी लोकर उतरवली. व्यापारी खाली बसून रडू लागला. निदान ती लोकर तरी त्याच्या हाती देतील म्हणावे, तर गुरुजींनी ती उचलून खताच्या खड्ड्यात टाकली. शिष्याला त्यांचा फार राग आला. दुःखी माणसाची एवढी एकच विनवणी, तीही पाळू नये?

गुरुजी व्यापाऱ्याशेजारी येऊन बसले. "शालींच्या धंद्यात तुमचा जन्म गेला," ते म्हणाले, "पण मायेने डोळ्यांवर झापड आली. या सशाची लोकर दर तीन-चार महिन्यांनी गळते आणि नवी येते. तुमच्या मुलीचा हात ज्या केसांवरून फिरला, ते केव्हाच गळून गेले. हे केस तिने पाहिलेलेसुद्धा नाहीत. आणि कंगव्यात यायचे ते अंगावरच राहिले. हा स्वतःला चाटताना ते गिळत गेला. सशाला ओकता येत नाही. आता ते पोटात अडकले आहेत. तिचे मागे काही उरले होते, तर ते रोजचे विंचरणे. तेच तुम्ही थांबवलेत."

असे तोंडावर सांगायला धैर्य लागते. गावात, घरात, पेढीवर चौदा महिने कोणी ते दाखवले नव्हते.

व्यापाऱ्याने भादरलेल्या सशाला उचलून मांडीवर घेतले.

"म्हणजे ती गेली," तो म्हणाला.

"हो," गुरुजी म्हणाले.

दोन दिवस व्यापारी तिथेच राहिला. सशाला थेंब थेंब पाणी पाजत होता, गुरुजींनी दाखवल्याप्रमाणे पोट हलक्या हाताने चोळत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या मांडीवरच ससा गेला. खोटे कशाला सांगू, काही दुखण्यांना उशीर सोसत नाही.

सशाला पुरून झाल्यावर शिष्याला राहवले नाही. "आधी मुलगी, आता ससाही," तो गुरुजींना म्हणाला. "तुमच्या सत्याने यांच्या पदरात काय पडले?"

हातावरची माती धुता धुता व्यापारीच बोलला.

"घरी तिची आई आहे. तिनेही चौदा महिने केसांना कंगवा लावलेला नाही. जेवते की नाही, मला ठाऊक नाही. मी आपला या टोपलीपाशी बसून असायचो."

शिष्याने चहा टाकला होता. घोटभर घेऊन तरी जा, असे त्याने विनवले, पण व्यापारी थांबला नाही.