नावातली आडवी रेघ

“मग आडवी रेघ तरी कशाला ठेवायची, माई?”

शर्वाणीने विचारलं, पण उत्तरासाठी थांबली नाही. इंजिनिअर होऊन ती मठात आली आणि आल्या आल्या मेल सर्व्हर तिच्या हाती आला. घरात मार खाणाऱ्या बायका मठाला चोरून लिहायच्या, त्या यावरूनच. खात्याचं नाव जिचं तिने ठेवायचं, ही इथली रीत.

“टिंब, रेघ, अधिकचं चिन्ह... काल सगळं बंद केलं. नावात फक्त अक्षरं आणि आकडे. चिन्ह म्हणजे हॅकरला फट, माई. सकाळपासून एक चोर फिरकला नाही.”

“स्मशानातही फिरकत नाही गं.”

मठ चालवणाऱ्या माई ओल्या भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या.

“कुंदाचं आलं?”

कुंदा रोज उजाडताना एकच शब्द पाठवायची, ‘आहे’. नवरा उठायच्या आत.

“नाही अजून... होतो उशीर कधी कधी.”

“होतो?”

नव्हता होत. कधीच.

“खातं कुठल्या नावाने आहे तिचं?”

शर्वाणीला ते नाव आठवलं. कुंदा-कावेरी. आईचं नाव, लेकीचं नाव, मध्ये आडवी रेघ.

तिने सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. पहाटेपासून तीच ओळ, एकीखाली एक. नाव अमान्य. नाव अमान्य. नाव अमान्य.

मग... काहीच नाही.

“माई, ती दार वाजवत होती. आणि मी...”

“उघड आधी. रड मागनं.”

कशीबशी तिने रेघेला परवानगी दिली, सर्व्हर पुन्हा सुरू केला. दोघी पडद्याकडे बघत बसल्या.

स्वयंपाकघरात भांडं पडलं. शर्वाणी दचकून उभीच राहिली.

पडद्यावर ओळ उमटली. कुंदा-कावेरी, प्रवेश झाला.

पत्र नाही. नुसताच प्रवेश.

“माई, ही कुंदाच नसली तर? फोन नवऱ्याच्या हाती लागला असला तर? तो आपली उत्तरं वाचत असेल... बंद करू? मी परत बंद करते...”

तिचा हात कीबोर्डकडे गेला. माईंनी त्यावर आपला हात ठेवला. मातीने माखलेला, गरम.

तोही कापत होता.

“तुम्हालाही भीती वाटते?”

“रोज.”

“मग... काय करता?”

“भीतीला दाराशी बसवते. कडी तिच्या हातात देत नाही.”