म्हशीने न खाल्लेले लाडू

एका जंगलात एक म्हैस राहत असे आणि, बालमित्रांनो, त्याच जंगलात चक्क एक विद्यापीठही होते. म्हैस अंगाने आडदांड, पण इतकी भिडस्त की पाठीवर माकड येऊन बसले तरी ‘जरा सरकता का?’ म्हणायला तिला तासभर लागे. विद्यापीठात एक बगळा पशुआहाराचा प्राध्यापक होता. दर उन्हाळ्यात कुरण उजाड होई, म्हणून कुरण राखूनही सर्वांना वर्षानुवर्षे पुरेल असा चारा तो शोधत होता. अखेर तळ्यातले शेवाळ आणि सागाची वाळकी पाने कुटून त्याने हिरवेगार लाडू वळले आणि प्रयोगासाठी म्हशीला बोलावले. फावल्या वेळात हाच बगळा तिच्या कानातले गोचीड वेचून देई. त्याला नाही कसे म्हणायचे?

पहिल्याच घासाला म्हशीच्या डोळ्यांत पाणी आले. “आवडला ना, म्हैसताई?” बगळ्याने आशेने विचारले. “छान आहे हो!” म्हैस कशीबशी म्हणाली आणि त्याची पाठ फिरताच तिने पाटीतले सगळे लाडू शेजारच्या डबक्यात लोटून दिले. बगळ्याची शिस्त अशी, की संध्याकाळी घातलेला चारा तोलायचा, सकाळी उरलेला तोलायचा आणि मधला फरक म्हशीच्या पोटात गेला असे वहीत लिहायचे. सकाळी पाहतो तर पाटी रिकामी! ‘चाटूनपुसून खाल्ले,’ त्याने आनंदाने लिहिले. असे तीन महिने चालले. प्रयोग चालू असताना दुसरे काही खायला बंदी होती, त्यामुळे चोरूनमारून चार काड्याच काय त्या चघळायला मिळत आणि म्हशीच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. ‘उन्हाळा बाधला असावा,’ बगळ्याने तेही नोंदवले. डबक्यातले बेडूक मात्र केव्हाच बिऱ्हाड हलवून गेले होते.

कुलगुरू हत्तीने वही वाचली आणि सर्वांना जमवून जाहीर केले, “उद्यापासून कुरण बंद! पाऊस येईपर्यंत सर्वांनी हेच लाडू खायचे. आणि पहिला मान आमच्या म्हशीच्या रेडकाला!” रेडकाचे दूध नुकतेच सुटले होते. त्याने लाडू तोंडात घेतला आणि फुर्रकन थुंकून टाकला. “भरवा, भरवा,” हत्ती प्रेमाने म्हणाला, “होईल सवय. आईला नाही का झाली?” रेडकू आईकडे बघत राहिले. आता मात्र म्हशीला राहवेना.

“थांबा! मी एकही लाडू खाल्लेला नाही. सगळे डबक्यात आहेत!”

बगळ्याचा चेहरा खर्रकन उतरला. “अहो, मग मला सांगितले का नाही?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“आणि आता नाही का वाटले?”

“वाटले असेल. पण माझे लेकरू उपाशी राहण्यापेक्षा ते बरे.”

बिचाऱ्या बगळ्याने वहीची तीन महिन्यांची पाने टराटरा फाडली, कोरे पान काढले आणि विचारले, “काय खटकले ते सांगा.” तीन महिने दाबून ठेवलेले बोलणे एकदम बाहेर पडले. शेवाळाला कुबट वास येतो, सागाचे पान टाळूला चिकटते, लाडू मोठा आहे, मीठ मुळीच नाही! म्हैस थांबायचे नाव घेईना. बगळा लिहीत गेला. मग त्याने शेवाळ आणि साग दोन्ही वगळले, भिजवलेल्या कोयी आणि शेवरीचा पाला घेतला. तीन वेळा रेडकाने तोंड फिरवले. चौथ्या वेळी मात्र सर्वांच्या देखत त्याने पाटी चाटून लखलखीत केली. बगळा हर्षाने नाचू लागला.

“मीठ अजून चिमूटभर कमी आहे हं,” म्हैस म्हणाली.

बगळ्याने नाचणे थांबवून निमूटपणे लिहून घेतले.

तात्पर्य : कोणाचे मन राखण्यासाठी केलेली खोटी वाहवा शेवटी आपल्याच लेकरांच्या ताटात वाढली जाते.