बोरपाणीच्या बाजारातला पाठ

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. बोरपाणीला यायला तेव्हा बैलगाडीची वाट होती आणि गावाबाहेर कापसातली सरकी काढायची एक बंद पडलेली जिनिंग होती. त्या जिनिंगच्या पत्र्याखाली भिवराबाईंनी मास्तर घडवायची शाळा काढली. पाड्यापाड्यावरची पोरंपोरी डोक्यावर वळकटी घेऊन तिथं येत आणि दोन वर्षांनी गुरुजी नाहीतर बाई होऊन परत जात. तिथले शिक्षकही एकेक नामी. चित्रकलेचे देवबा गुरुजी फळ्यावर आंबा काढीत तेव्हा त्यावर माशा येऊन बसत, असं म्हणतात.

होणाऱ्या मास्तरांनी गावातल्या शाळेत सरावाचे पाठ घ्यायचे, असा नेम होता. पण गाव लहान, शाळा एक आणि मास्तर होऊ पाहणारे चाळीस. 'सावलीवरून झाडाची उंची मोजणे' हा पाठ तर चौथीच्या मुलांनी इतक्यांदा ऐकला होता की कोणत्या प्रश्नाला काय म्हटलं म्हणजे बाई खूश होतात, ते त्यांना पाठ झालं होतं.

एका वर्षी तपासणीचे साहेब आले. त्या दिवशी शेवंता पाठ घ्यायला उभी होती. डोंगरातल्या पाड्यावरून शिकायला आलेली ती पहिलीच मुलगी, आवाज अगदी मऊ. तिनं पहिला प्रश्न विचारला. मुलांनी उत्तर दिलं आणि लगोलग पुढच्या चार प्रश्नांचीही देऊन टाकली. शेवंतानं खडू उचलला, पण फळ्यावर लिहायला काही उरलंच नव्हतं. तेव्हा पुढच्या रांगेतली एक चिमुरडी हळूच म्हणाली, "बाई, आता तुम्ही शाब्बास म्हणायचं असतं."

साहेबांना हसू आलं नाही. ते म्हणाले, "भिवराबाई, हे शिकवणं नव्हे, पाठांतर झालं. हा पाठ ज्यांनी ऐकलेला नाही असा वर्ग मला उद्या दाखवा. याच मुलीनं शिकवायचं. नाही जमलं, तर शाळेची मान्यता गेली म्हणून समजा."

भिवराबाईंनी मनातल्या मनात गावातलं घर न् घर धुंडाळलं. पाठ न ऐकलेलं एकही मूल उरलं नव्हतं. मान्यता गेली तर चाळीस वळकट्या आल्या वाटेनं परत जाणार होत्या. पण दुसरा दिवस बाजाराचा होता. त्यांच्या मनात काहीतरी लखकन चमकलं.

"वर्ग आहे, साहेब," त्या म्हणाल्या. "जरा मोठा आहे, इतकंच."

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर त्यांनी शेवंताला भर बाजारात, मोठ्या चिंचेपाशी उभं केलं. शेवंतानं हातातलं पाठाचं टाचण उघडलं आणि वाचलं, "तुमच्यापैकी झाडावर कोण कोण चढतं?"

"आमची म्हैस," बैलांचा दलाल रामसिंग म्हणाला. सगळा बाजार खदखदला. "अन् झाड मोजून काय करणार, पोरी? विकायला काढलंय का?"

टाचणात हे उत्तर लिहिलेलं नव्हतं. शेवंता टाचणाची पानं पुढंमागं उलटू लागली. भिवराबाईंचे पाय आपोआप पुढं निघाले. दोन वाक्यांत त्यांनी बाजार गप्प केला असता, शाळाही वाचवली असती. पण शिकवायचं शेवंतानं होतं. त्या थांबल्या. मग पदर खोचून कासारणीच्या बांगड्यांशेजारी धुळीत मांडी घालून बसल्या आणि त्यांनी हात वर केला.

"बाई," त्या शेवंताला म्हणाल्या, "मला कळलं नाही. झाड मोजायचं कशाला?"

भिवराबाई आपल्याच विद्यार्थिनीला बाई म्हणाल्या, तसा सगळा बाजार कान टवकारून पुढं सरकला. शेवंतानं भिवराबाईंकडं पाहिलं. मग टाचण मिटून कमरेला खोचलं.

"दादा," ती रामसिंगला म्हणाली, "ही चिंच उद्या तोडायची ठरली, तर ती तुमच्या गोठ्यावर पडेल का नाही?"

रामसिंगचा गोठा चिंचेपासून थोड्याच पावलांवर होता. तो उठूनच उभा राहिला. "पडेल का गं?"

"काठी आणा. सांगते."

काठी रोवली गेली. माणसं भोवती गोळा झाली. काठीची सावली काठीएवढी होईल तेव्हा झाडाची सावली किती असेल, हे शेवंतानं सांगितलं नाही, ती नुसतं विचारत राहिली. सगळ्यांत आधी कासारीण ओरडली, "झाडाएवढी की!" मग सगळ्यांना घाई झाली. पण चिंचेच्या सावलीत मेंढ्या बसल्या होत्या, गाडगी मांडली होती, एक म्हातारबा झोपले होते. ते सगळं हलवून सावली मोजायला घटकाभर वेळ लागला. तेवढा वेळ सूर्य जागचा हलला नाही, असं म्हणतात. साहेबांच्या खिशातलं घड्याळही थांबलं होतं म्हणे.

मग दोरवाला मंगा शेंड्यापर्यंत चढला आणि त्यानं दोर खाली सोडला. सावलीत आणि दोरात बोटाचाही फरक निघाला नाही. गोठा सात हातांनी वाचला. रामसिंगनं शेवंताला गुळाची आख्खी ढेप दिली आणि घरी जाऊन बायकोला तोच पाठ शिकवला. बायकोनं शेजारणीला शिकवला. दिवेलागणीपर्यंत बोरपाणीत न मोजलेलं झाड उरलं नाही. आणि साहेब? ते काठी घेऊन देवळाचा कळस मोजत होते. मान्यतेच्या कागदावर त्यांनी तिथंच, पायरीवर बसून सही केली.

पुढं शेवंतानं आपल्या पाड्यावर शाळा काढली. तिच्या बरोबरीचा एकजण मेंढपाळांच्या मागं चालत चालत शाळा भरवायचा. त्याचा फळा मेंढ्यांमध्ये चालणाऱ्या घोड्याच्या पाठीवर असायचा आणि म्हणे तो घोडाही बेरीज चुकली की थांबायचा.

आता भिवराबाई नाहीत. पण बोरपाणीत दर वर्षी एका बाजाराच्या दिवशी नवे मास्तर चिंचेखाली आपला पहिला पाठ घेतात. शाळेतून शिकून गेलेले हेडमास्तर, मोठमोठ्या पदांवरच्या बाई दूरदूरहून येतात आणि धुळीत मांडी घालून बसतात. त्यांच्यातलं वयानं सगळ्यांत मोठं माणूस हात वर करून म्हणतं, "बाई, मला कळलं नाही." ते कळेपर्यंत त्या दिवशी बोरपाणीत कुणी तराजू उचलत नाही.