कोपऱ्यात बघणाऱ्या बाहुल्या

ही गोष्ट कुणाला सांगायची नाही, असं बाबांनी जेवताना बजावलं होतं. म्हणून त्यांचं ऑफिस मी फार पूर्वीच्या काळात नेऊन ठेवते. आता ते कुणाला ओळखू येणार नाही.

तर, फार पूर्वी एका राजाचा बाहुल्यांचा कारखाना होता. प्रत्येक कारागिराला लहानशी खोली होती. एकीत लाकूड तासलं जाई, दुसरीत रंग खलले जात, आणि अगदी शेवटच्या खोलीत एक अक्का बाहुल्यांचे डोळे आखायची. आखण्याआधी ती बाहुली मांडीवर घेऊन नुसती बघत बसे. ही कुणाकडे बघणार, हे मनात ठरलं की मगच कुंचला उचले.

पुढे नवा कारभारी आला. "भिंती पाडा," त्याने फर्मावलं. "सगळे एका दालनात बसले की मनं जुळतील, कामही भराभर होईल." स्वतःची बैठक मात्र त्याने वरच्या सज्जात, सगळ्यांच्या पाठीमागे मांडली.

सुरुवातीचे दिवस मजेत गेले.

"उजेड तर आला," रंगारी म्हणाला.

"आणि तुझं घोरणंही कळलं," सुतार म्हणाला.

पण अक्का बाहुली घेऊन बसली, की कुणीतरी विचारायचंच, "काय अक्का, झोप झाली का?" मग वरून कारभाऱ्याचा खोकला यायचा. अक्का ओशाळायची. हळूहळू तिने बघत बसणं सोडलं आणि हात सतत हलता ठेवला. बाहुल्या दुप्पट होऊ लागल्या. कारभारी खूश झाला.

एक दिवस छोट्या राजकन्येने नवी बाहुली हातात घेतली आणि परत ठेवली. "ही माझ्याकडे बघतच नाही," ती म्हणाली. "मागे कुणी आहे का, ते बघते."

राजाने साऱ्या बाहुल्या मांडून पाहिल्या. प्रत्येकीची बुबुळं कोपऱ्यात सरकलेली होती.

"अक्कांचं वय झालं," कारभारी म्हणाला. "दुसरी बाई ठेवू."

अक्काने आयुष्यभर डोळे आखण्याशिवाय दुसरं काही केलं नव्हतं. ती खालच्या आवाजात म्हणाली, "मी जाईन, महाराज. पण आधी कारभाऱ्यांनी एक दिवस माझ्या जागी बसावं. काम काही नको. नुसता विचार करत बसायचं."

"एवढंच ना?" कारभारी हसून बसला. सज्जात राजा बसला.

थोड्याच वेळात कारभाऱ्याची मान अवघडली. मागे कुणी शिंकलं, तर तो दचकला. रंगाऱ्याने हळूच विचारलं, "काय कारभारी, झोप झाली का?" जेवणाची वेळ व्हायच्या आतच त्याने बोरू उचलला आणि भराभर लिहायला लागला.

राजा खाली आला. "काय लिहिताय?"

कारभाऱ्याने कागदाकडे पाहिलं. नुसत्या रेघोट्या होत्या. "काही नाही, महाराज," तो म्हणाला. "हात रिकामा दिसू नये म्हणून."

संध्याकाळी त्याने स्वतः बांबूच्या तट्ट्या आणून अक्काच्या जागेला आडोसा केला. ज्यांना उजेड आवडला होता, ते दालनातच राहिले. अक्काची पुढची बाहुली राजकन्येने खाली ठेवलीच नाही.

तात्पर्य: सतत कुणी बघत असलं, की माणूस काम करत नाही, काम दाखवतो. त्याला थोडा आडोसा दिला, तर तो... थांबा, बाबा हाक मारतायत. "काय लिहितेस गं एवढं? बघू," म्हणत ते इकडेच